मावशींचा पगार दुप्पट झाला, मग बिघडलं कुठं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोथरूडला राहतात, हिंजवडीत नोकरी करतात. ते म्हणतात, "देश वर्षाला सहा-सात टक्क्यांनी वाढतोय. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना २०१२ मध्ये महिना दोन हजार देत होतो, २०२४ मध्ये चार हजार दिले. माझाही पगार वाढला. सगळेच वर चाललेत, तर मग असमानता वाढली म्हणून एवढी काळजी कशाला? वरची श्रीमंती हळूहळू खाली झिरपतेच ना?"

मी गेली ३१ वर्षं पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये घरोघर फिरून उत्पन्न-खर्चाची सर्वेक्षणं करते आहे. तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मावशींचाच हिशेब घेऊ. २०१२ साल १०० धरून काढलेला किरकोळ महागाईचा निर्देशांक २०२४ मध्ये सरासरी १९० च्या आसपास होता. म्हणजे २०१२ मध्ये जे दोन हजारांत येत होतं, त्याला २०२४ मध्ये तीन हजार आठशे लागत होते. तुम्ही चार हजार दिलेत. वरचे दोनशे रुपये, म्हणजे जेमतेम पाच टक्के, ही त्यांची बारा वर्षांची खरी वाढ. याच काळात देशाचं दरडोई उत्पन्न महागाई वजा जाता ६३ हजारांवरून १ लाख ६ हजारांच्या पुढे गेलं, म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त वाढलं. या सरासरीत तुम्ही आहात आणि मावशीही आहेत. सरासरी खरी आहे. ती दोघांना सारखी लागू पडली नाही, एवढंच.

तुम्ही म्हणाल, पण त्यांच्या घरात फ्रीज आला, हातात मोबाइल आला. आलाच आहे, मी डोळ्यांनी बघते. कोथरूडजवळच्या केळेवाडी वस्तीत एका ताईंकडे मी तीनदा सर्वेक्षणाला गेले आहे. पहिल्या वेळी त्या तीन घरची कामं करायच्या, शेवटच्या वेळी सहा. पत्र्याच्या जागी स्लॅब आला, टीव्ही भिंतीवर गेला, मुलगी इंग्रजी माध्यमात जायला लागली. आमच्या प्रश्नावलीत वस्तूंची यादी असते, तीत त्यांच्या नावापुढे जवळपास सगळीकडे बरोबरच्या खुणा झाल्या. मग त्यांच्या नवऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भिशी उचलली, बचत गटाचं कर्ज काढलं, तरी कमी पडलं म्हणून सोनं मोडलं. त्याच जूनमध्ये मुलीला महापालिकेच्या शाळेत घातलं. मी विचारलं, "ताई, उत्पन्न कमी झालं का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, वाढलंच की. दोन कामं जास्त धरली ना."

उत्पन्न वाढलं ते जास्त तास राबून, आणि एका आजारपणात दहा वर्षांची पुंजी गेली. मध्यम उत्पन्नाच्या देशातली असमानता दिसते ती अशी. उपाशी सहसा कुणी राहत नाही, पण हातात टिकत काही नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला ३९ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून केला. तुमच्याकडे कंपनीचा विमा आहे, म्हणून हा आकडा तुमच्या घरापर्यंत येत नाही.

गरिबी कमी झाली हे मात्र निःसंशय खरं आहे आणि ते नाकारणाऱ्यांशी माझं पटत नाही. १९७१ साली आपल्याच पुण्यातले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी हिशेब मांडला होता. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये असले, तर जेमतेम पोटभर अन्न मिळतं. खेड्यातले ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक त्याखालीच होते. माझी आजी करमाळ्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तिच्या तळहातांचे घट्टे मी लहानपणी पाहिले आहेत. ती उपासमार मागे पडली. जागतिक बँकेच्या वर्गवारीत २००७ पासून भारत अल्प उत्पन्न गटातून निम्न-मध्यम उत्पन्न गटात आला. पण या गटाची वरची सीमा दरडोई सुमारे साडेचार हजार डॉलरची, आणि आपण अडीच हजारांच्या आसपास. अजून बरंच चढायचं आहे. म्हणून माझा प्रश्न असा की चढायची पायरी कुठं आहे?

त्याआधी आकड्यांचा एक घोळ सांगायला हवा, कारण वर्तमानपत्रात तुम्ही दोन उलट्या बातम्या वाचल्या असतील. सरकारी घरगुती खर्च सर्वेक्षण म्हणतं असमानता कमी झाली: शहरी भागाचा गिनी निर्देशांक २०२२-२३ मध्ये ०.३१४ होता, तो २०२३-२४ मध्ये ०.२८४ झाला. शून्य म्हणजे सगळे सारखे, एक म्हणजे सगळं एकाकडे. दुसरीकडे पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबचे अभ्यासक म्हणतात, २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा होता. खोटं कुणीच बोलत नाही. सरकारी पाहणी खर्च मोजते, लॅब उत्पन्न आणि संपत्ती मोजते. महिना पंचवीस हजार कमावणारं घर जवळपास सगळे खर्चून टाकतं. महिना पंचवीस लाखवालं घर कितीही खर्च करून पाच-सहा लाख करेल. उरलेले शेअरमध्ये, फ्लॅटमध्ये, जमिनीत जातात, आणि खर्चाच्या पाहणीत ते कुठंच उमटत नाहीत.

शिवाय ज्याला मोजायचं तो भेटला पाहिजे. वस्तीत आम्ही गेलो की दार उघडं असतं, चहा होतो, शेजारीण येऊन बसते, आणि "एवढं कुठं येतं तेलाला?" म्हणून आकडासुद्धा दुरुस्त करून देते. बाणेर-बालेवाडीच्या मोठ्या सोसायट्यांत आम्ही गेटवरच अडतो. वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, वरून "नको" येतं, आम्ही वहीत 'माहिती मिळाली नाही' लिहितो आणि पुढच्या घराकडे वळतो. एका रविवारी मी आणि माझी सहकारी साडेचार तास एका गेटबाहेरच्या बाकावर बसून होतो. निवडलेल्या आठ घरांपैकी एक मिळालं, तेही निवृत्त शिक्षकांचं. २०२२-२३ पासून सरकारी पाहणीत शहरी घरांची निवड करताना गाडी आहे का आणि ती दहा लाखांवरची आहे का, हे पाहून गट पाडायला लागले. चांगली सुधारणा आहे. पण गट पाडला म्हणून दार उघडतंच असं नाही.

वाढीच्या दराचं गणितही समजून घ्या. दहा घरांची एक वाडी धरा. नऊ घरं महिना दहा-दहा हजार कमावतात, एक घर दोन लाख दहा हजार. एकूण तीन लाख. पुढच्या वर्षी फक्त त्या एका घराचं उत्पन्न दहा टक्क्यांनी वाढलं, बाकीच्यांचं तसूभरही नाही, तर एकूण वाढ २१ हजार, म्हणजे वाडीचा विकासदर बरोबर ७ टक्के. विकासदर माणसं मोजत नाही, रुपये मोजतो. ब्राझीलचे अर्थतज्ज्ञ एदमार बाशा यांनी १९७४ मध्ये हेच एका काल्पनिक राज्याच्या गोष्टीतून सांगितलं होतं. त्या राज्याचं नाव बेलिंडिया: छोटासा श्रीमंत बेल्जियम आणि त्याभोवती अफाट गरीब इंडिया. ब्राझीलची अर्थव्यवस्था तेव्हा वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास धावत होती आणि विषमताही वाढत होती. त्या गोष्टीत गरिबीचं नाव म्हणून आपल्या देशाचं नाव वापरलं गेलं, हे वाचताना मला अजूनही टोचतं.

आता झिरपण्याकडे येते. आपण महाराष्ट्रातली माणसं, आपल्याला हे कुणी वेगळं सांगायला नको. पाऊस पडला म्हणून विहिरीला पाणी येत नाही. उतार असेल तर पाणी वाहून जातं, बांध घातला, पाझर तलाव केला तर मुरतं. अर्थशास्त्रात सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये मांडलं की विकासाच्या सुरुवातीला विषमता वाढते, मग कमी होते. त्याचा आधार घेऊन पुष्कळांनी "थांबा, आपोआप होईल" असं म्हणायला सुरुवात केली. खुद्द कुझनेट्स यांनी मात्र आपल्या मांडणीत माहिती पाच टक्के आणि तर्क पंच्याण्णव टक्के आहे असं बजावलं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी आर्थर लुईस यांनी सांगितलं होतं की शेतीतली जास्तीची माणसं कारखान्यात गेली की देश वर येतो. माझ्या मते खरी गोम इथं आहे, आणि ती पिंपरी-चिंचवडमध्ये हाताने चाचपून बघता येते.

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, मग टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज आणि त्यांच्यामागे भोसरीतली शेकडो वर्कशॉपं. मराठवाड्यातून, सोलापूर-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातून दहावी झालेली, आयटीआय केलेली पोरं आली. "टेल्कोत चिकटला" म्हटलं की मुलीच्या बापाला पुढचं काही विचारायची गरज नसायची. कायम नोकरी, कँटीन, पीएफ, बोनस, सोसायटीचं कर्ज. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाच्या वसाहतींतून यातल्या कितीतरी जणांनी घरं केली. नव्वदच्या दशकात मी निगडीत पहिली पाहणी केली, तेव्हा एकेका घरात हेच दिसायचं: आजोबा कोरडवाहू शेतकरी, वडील फिटर, मुलगा इंजिनिअरिंगला. तीन पिढ्यांत तीन पायऱ्या. तुमच्या ऑफिसात विचारून बघा, फिटरची मुलं किती सापडतील.

ती मधली पायरी आता झिजली आहे. चाकण-तळेगावला कारखाने कमी नाहीत, उलट वाढलेत. पण आत जा. एकाच लाइनवर दोन रंगांचे शर्ट दिसतील. एक कायम कामगार, वयाने चाळिशीपुढचा. त्याच्या शेजारी तोच बोल्ट तेवढाच आवळणारा बावीस वर्षांचा मुलगा, ठेकेदाराचा किंवा ट्रेनी, आणि त्याचा पगार शेजाऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. सात महिने झाले की ब्रेक. सातच का? कारण औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात २४० दिवस काम झालं की सलग सेवा धरली जायची आणि काही हक्क लागू व्हायचे. सात महिन्यांचे २१० दिवस, आकडा आधीच कापलेला. मग पोरगा दुसऱ्या ठेकेदाराकडे, दुसऱ्या कंपनीत, पुन्हा हेल्पर म्हणून पहिल्यापासून. चाकणजवळच्या खराबवाडीच्या एका खोलीत मी सहा जणांशी बोलले. तिथं तीन गाद्या होत्या, कारण शिफ्ट वेगवेगळ्या. त्यातल्या परभणीच्या मुलाने पाच वर्षांत सात कंपन्या केल्या होत्या. हातात कसब होतं, अनुभवाचा कागद एकही नव्हता. देशभरात संघटित कारखान्यांतल्या कामगारांत कंत्राटी कामगारांचा वाटा २००० च्या सुमारास पाचव्या हिश्शाएवढा होता, २०२२-२३ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला.

हिंजवडी ही पायरी होऊ शकत नाही का? काहींसाठी झाली, पण सगळ्या देशात मिळून आयटीत पन्नास-साठ लाख लोक आहेत, कामकरी जनतेच्या शेकडा एक. आणि तिथं पाय टाकायला आधी इंग्रजी आणि पदवी लागते, म्हणजे आधीची पायरी चढलेलीच असावी लागते. परिणाम असा की माणसं उलटी चालली. शेतीत काम करणाऱ्यांचं प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के झालं, आणि शेतीचा उत्पादनातला वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास. वाढत्या देशात शेतीवरची माणसं कमी व्हायला हवीत. लॉकडाऊनमध्ये गावाकडे परतलेले अनेक जण परत आलेच नाहीत, कारण इथं परत येण्यासारखं काही हाती लागलेलं नव्हतं.

प्रादेशिक बाजू थोडक्यात सांगते, कारण ती तुलनेने सर्वांना माहीत आहे. याच वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये राज्यातल्या विभागांचा अनुशेष, म्हणजे विकासातली राहून गेलेली तूट, ३,१८६ कोटींचा काढला होता. चाळीस वर्षं गेली. पुणे-मुंबई-ठाणे वर आणि गडचिरोली, नंदुरबार, वाशीम तळाला, ही उतरंड तशीच आहे. खराबवाडीतली खोली याच अनुशेषाचं दुसरं टोक आहे.

आणि एक गोष्ट, जी आकड्यांत येतच नाही. पुण्याभोवती वाढीचा सगळ्यात मोठा पैसा जमिनीतून आला. मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र केल्या आणि स्वतः भागधारक झाले, ते उदाहरण मला आजही मोलाचं वाटतं. बहुतेक ठिकाणी मात्र एकरकमी पैसे आले आणि गेले. त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला काहीच मिळालं नाही. मुलींनाही नाही. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. पण विक्रीच्या आधी बहिणींना साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतलेली घरं मी वाघोलीपासून हिंजवडीशेजारच्या माणपर्यंत पाहिली आहेत. एका ताईंनी मला सांगितलं, "सही केली नसती तर माहेर तुटलं असतं." त्यांच्या दोन भावांचे आज बंगले आहेत आणि त्या भाड्याच्या दोन खोल्यांत शिलाईकाम करतात.

मग पाझर तलाव कोणते? तुमच्या पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये 'पीटी' म्हणून कापले जातात. तो व्यवसाय कर. महाराष्ट्राने तो १९७५ मध्ये आणला, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. बहात्तरच्या दुष्काळात, १९७३ च्या उन्हाळ्यात, सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली 'मागेल त्याला काम' ही हमी राज्यभर गेली, १९७७ चा कायदा झाला, आणि पुढे २००५ मध्ये देशाने तीच कल्पना उचलली. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाला पैसा द्यायचा, इतकी सरळ वाटणी या राज्याने एकदा केली होती. नाला बंडिंग, रस्ते आणि पाझर तलावसुद्धा त्यातूनच झाले. पण राज्यघटनेने या कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० ठेवली आहे, १९८८ पासून तेवढीच. आज महिना बारा हजार मिळवणारा वॉचमन जेवढा व्यवसाय कर भरतो, तेवढाच महिना दहा लाख घेणारा अधिकारी भरतो. ही मर्यादा वाढवून उत्पन्नाप्रमाणे टप्पे करावेत असं माझं ठाम मत आहे. वारशावरचा कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात. दोन्हींची वसुली तुटपुंजी होती हे मान्य, पण सवलतींनी पोखरलेला कर गोळा होणार कसा? फार मोठ्या वारशापुरता तो नीट बांधून परत आणायला हवा, आणि त्या पैशातून सरकारी दवाखाने उभे करायला हवेत. केळेवाडीच्या ताईंचं सोनं तिथं वाचलं असतं.

दुसरा तलाव हक्कांचा. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालासारख्या रोजच्या रोज मालक बदलणाऱ्या माणसाला मंडळामार्फत पीएफ, बोनस आणि रजेचा पगार मिळवून दिला. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, हमाल पंचायतीच्या बाबा आढावांसारख्यांच्या साथीने. कचरा वेचणाऱ्या बायकांना महापालिकेने ओळखपत्रं मान्य करून दिली, आणि २००८ पासून 'स्वच्छ' संस्थेतून त्या दारोदार कचरा घ्यायला लागल्या. काम तेच, पण आता ठरलेला मोबदला आणि पाठीशी संघटना. यातल्या कुठल्याच गोष्टीने शहराची वाढ थांबली नाही. ज्या देशात माथाडी मंडळ चालवता आलं, तिथं चाकणच्या पोराला एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जाताना त्याचा अनुभव, पीएफ आणि वेतनश्रेणी सोबत नेता येईल अशी व्यवस्था उभारणं अशक्य नाही. ब्राझीलनेही आपल्या पद्धतीने असे तलाव बांधले. किमान वेतन सातत्याने वाढवलं, कामगार नोंदणीत आणले, आणि २००३ पासून गरीब कुटुंबांना शाळा-लसीकरणाच्या अटीवर पैसे दिले. तिथला गिनी २००१ मध्ये ०.५८ च्या आसपास होता, २०१४ पर्यंत ०.५२ पर्यंत उतरला.

आता तुमच्या हातात काय आहे तेही सांगते, कारण तुम्ही मनापासून विचारलंत. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत सुरक्षा ठेकेदाराला आपण माणशी किती देतो आणि वॉचमनच्या हातात किती पडतात, हे दोन्ही आकडे मागा. प्रत्येकाचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, मागा आणि पीएफचं पासबुक त्यांच्याच मोबाइलवर उघडून बघा. ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड आहे का तेही विचारा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल तर आजारपणात त्याचा आधार असतो. आमच्या सोसायटीत विचारलं तेव्हा पगारातून पीएफ कापला जात होता आणि नऊपैकी पाच जणांच्या खात्यात तो जमाच होत नव्हता. तीन महिने पाठपुरावा केल्यावर तो भरला गेला.

आणि मावशींचा पगार. २०१२ चे दोन हजार आधी महागाईने वाढवा, तीन हजार आठशे होतात. मग देशाचं दरडोई उत्पन्न जेवढं खरोखर वाढलं तेवढी वाढ त्यावर द्या. आकडा सहा हजार चारशेच्या आसपास निघतो, २०२४ चा. त्यानंतरच्या वर्षांची महागाई त्यात मिळवा आणि या महिन्यातच मावशींशी बोलून घ्या.